एकटा ब्रदर आणि सगळ्या नाइट

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ता मूळचा मराठवाड्यातला, सध्या सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. बाकी सगळ्या सिस्टर. नाइट, म्हणजे रात्रपाळ्या, बहुतेक त्यालाच लागतात. दारू पिऊन आलेले, मारामारीचे पेशंट त्याच्याकडे, कोणाला उचलायचं झालं की हाकही त्यालाच. लेबर रूममध्ये मात्र त्याला घेत नाहीत. नातेवाईक वॉर्डबॉय समजतात. बोलायला गेलं तर "पुरुष असून रडतोस" असं ऐकायला मिळतं. झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे. पुरुषांनी नर्सिंगला यायलाच नको होतं का आणि नोकरी सोडू का, असं त्याने विचारलं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेते. पुरुषांनी यायला नको होतं, असं अजिबात नाही. आणि नोकरीचा निर्णय झोप न झालेल्या डोक्याने घेऊ नका, त्यावर शेवटी लिहिते. मी कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत आधी स्टाफ नर्स आणि नंतर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणून काम केलं. ड्युटी लिस्ट लावणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम होतं. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या रुग्णालयाची ड्युटी लिस्टच उभी राहिली. सिस्टर आपल्यावर अन्याय करतात असं तुम्हाला वाटतं आहे. मला असं दिसतं की तिथे माणसं कमी आहेत, ती कमतरता कोणी कागदावर आणत नाही, आणि मग ती बाई-पुरुष अशी वाटून घेतली जाते. तुमच्या वाट्याला रात्र आणि अंगमेहनत आली. सिस्टरांच्या वाट्याला काय आलं तेही पुढे सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुमचं गाऱ्हाणं कोणी ऐकून घेणार नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही कायम आहात की कंत्राटी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कायम माणूस लेखी मागणी निर्धास्तपणे करू शकतो. कंत्राटी माणसाला दर वेळी नूतनीकरणाची धास्ती असते, त्याने एकट्याने न लिहिता चौघांच्या सह्या घेऊन लिहावं. इन्चार्ज सिस्टर कशा आहेत, वैद्यकीय अधीक्षक ऐकून घेणारे आहेत का, यावरही बरंच ठरतं.

आता हिशोब. एका जागेवर चोवीस तास एक नर्स हवी असेल तर तीन पाळ्या गुणिले 365 दिवस, म्हणजे वर्षाला 1095 ड्युट्या होतात. एक माणूस वर्षात किती देऊ शकतो? 52 साप्ताहिक सुट्या, 8 किरकोळ रजा, 30 अर्जित रजा, वर सणवार आणि आजारपण वजा करा. 255-260 च्या पुढे कोणी जात नाही. म्हणजे एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला चारपेक्षा जास्त माणसं लागतात. कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), वॉर्ड आणि लेबर रूम अशा तीनच जागा धरल्या तरी तेराच्या आसपास. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक असा आहे, आणि वर 30 टक्के माणसं रजेसाठी राखीव धरायची असतात. तुमच्याकडे प्रत्यक्ष हजर किती आहेत ते मोजा. मंजूर पदं मोजू नका. कोकणात पदं मंजूर असतात, माणूस घाटावरून येतो, थोडे दिवस राहतो आणि बदली करून घेतो. कागदावर पद दिसतं, वॉर्डात कोणी नसतं.

ही तूट असली की लिस्ट लावणारी बाई काय करते ते मी आतून पाहिलं आहे. तिच्यासमोर लहान मुलांच्या आया असतात, एक गरोदर असते, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात. आणि एक तरुण, एकटा, क्वार्टरवर राहणारा ब्रदर असतो. नाइटची घरं भरताना हात आपसूक त्याच्या नावाकडे जातो. यात दुष्टपणा नसतो. पण सहा महिने असंच चाललं की तोच नियम होऊन बसतो. मग ब्रदरने ऑफ मागितला की तो जास्तीचं मागतोय असं वाटायला लागतं.

हे धोक्याचं कसं आहे ते पावसातल्या एका रात्रीवरून बघा. कॅज्युअल्टीत तुम्ही, लेबर रूमला एक सिस्टर, वॉर्ड दोघांनी मिळून बघायचा. भातलावणीचे दिवस, फुरसं हा विषारी साप चावलेला माणूस येतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. तिरपं केल्यावर ओघळलं, म्हणजे रक्त गोठत नाही. डॉक्टरांनी एएसव्हीची, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाची, ऑर्डर दिली की सुरुवातीलाच दहाच्या आसपास व्हायल. पावडरची असेल तर एकेक विरघळवायची, तीही हळूहळू फिरवून, कारण जोरात हलवली की फेस होतो. अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी, रिअॅक्शन आली तर लगेच द्यायला. औषध सुरू झाल्यावर पहिला तास-दीड तास त्या माणसाजवळून हलायचं नाही. पुरळ, थंडी, दम, बीपी, सगळ्यावर नजर. त्याच वेळी आत एक बाई कळा देते आहे. तिथे दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे आणि जोर देण्याची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. दोघंही आपापल्या ठिकाणी खिळलेले. वॉर्डातल्या म्हातारीची सलाईन संपली तर बघणार कोण? अशा रात्री तुम्ही पुरुष आहात आणि ती बाई आहे, याने काही फरक पडत नाही. एक माणूस कमी आहे, एवढाच फरक पडतो. आणि हीच गोष्ट अधीक्षकांना लेखी सांगण्यासारखी आहे.

मग नर्सिंगमध्ये पुरुष इतके कमी का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालात जगभरच्या नर्सिंग कर्मचाऱ्यांत सुमारे 90 टक्के स्त्रिया होत्या. आपल्याकडे एएनएमचा, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सचा, कोर्स मुलींसाठीच आहे. त्यामुळे कोकणातल्या वाडीवरच्या माणसाने जन्मात पहिली पाहिलेली नर्स म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर. उपकेंद्रात पुरुष दिसलाच तर आरोग्य सेवक, तापाच्या पेशंटची मलेरियासाठी रक्तपट्टी घेणारा. अशा आजीने तुम्हाला बघून "माका सिस्टर होयी" म्हटलं तर तो तुमचा अपमान नाही. तिने ब्रदर कधी पाहिलेलाच नाही. भरतीतही हा कल दिसतो. एम्सने 2019 मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा स्त्रियांसाठी आणि 20 टक्के पुरुषांसाठी ठेवायचं ठरवलं. स्त्री रुग्णांचा संकोच हे त्यामागचं कारण मला समजतं, प्रसूती विभागात ते खरंही आहे. पण डायलिसिस, आयसीयू, अपघात विभाग इथे रुग्णाला चांगला हात हवा असतो, तो कोणाचा आहे हे तो बघत नाही, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

आता सिस्टरांची बाजू. तुमच्या सोबतची सिस्टर पहाटे उठून पाणी भरते, डबे करते, सहा-साडेसहाची एसटी पकडून सकाळच्या ड्युटीला येते. संध्याकाळची ड्युटी तिला नको असते, कारण आठला सुटेपर्यंत तिच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी गेलेली असते. घरी गेल्यावर तिची दुसरी ड्युटी सुरू होते आणि तिचा ऑफ कपडे धुण्यात जातो. कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की जागी बदली माणूस येत नाही, भार उरलेल्यांवर पडतो, आणि बोल त्या रजेवरच्या बाईला लागतो. तिची रजा हा तिचा हक्क आहे. 30 टक्के राखीव माणसं ठेवायची ती याचसाठी. ती ठेवली नाहीत हा दोष तिचा नाही, आणि तो भरून काढायची जबाबदारी तुमच्या एकट्याच्या पाठीवरही नाही.

रात्रीचंही एक कारण आहे, ते लिस्टमध्ये लिहिलेलं नसतं. अरुणा शानबाग ही आपल्याच किनाऱ्यावरच्या, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची मुलगी. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये ड्युटी संपवून कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. 18 मे 2015 ला ती गेली, तोवर जवळपास 42 वर्षं तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. माझ्या पिढीच्या प्रत्येक नर्सला ही गोष्ट माहीत आहे, आणि नाइटला बाईला एकटं टाकताना प्रत्येक इन्चार्जच्या मनात ती असते. भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय म्हणजे बाहेरचा दिवा, चेंजिंग रूमची कडी, गेटवरचा सुरक्षारक्षक आणि सोबतीला दुसरी नर्स. यातलं काही न करता एका ब्रदरचं नाव नाइटला घालून ठेवलं की ब्रदरचा वॉचमन होतो आणि सिस्टर होती तितकीच असुरक्षित राहते. म्हणून ही मागणी तुम्ही आणि सिस्टरांनी मिळून करायची आहे. त्यांच्या विरोधात जाऊन तुम्हाला काही मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

एक साधी वही घ्या आणि महिनाभर रोज लिहा. तारीख, पाळी, ड्युटीवर कोण कोण, पेशंट किती, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेस) किती, डिलिव्हरी किती, काय राहून गेलं, काय थोडक्यात निभावलं. पेशंटचं नाव त्यात घालू नका. महिन्याने तुमच्या हातात असं काही असेल जे "रडगाणं" म्हणून उडवता येणार नाही.

ती वही घेऊन आधी इन्चार्ज सिस्टरना भेटा. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, घाईत किंवा चार जणांसमोर नको. शांत वेळ बघा, खाली बसा. "मला सिस्टरांपेक्षा जास्त नाइट लावता" असं सुरू केलंत तर संभाषण तिथेच संपेल. "सिस्टर, या महिन्यात या या रात्री आम्ही दोघं होतो आणि तीन ठिकाणी पेशंट होते, यातून मार्ग कसा काढायचा?" असं विचारा. लिस्ट लावणारी बाई स्वतःही या तुटीने पिचलेली असते. तिला वरच्यांना दाखवायला काहीतरी हवं असतं. मग तिच्याच मार्फत अधीक्षकांना अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. अर्जात मागण्या मोजक्या ठेवा: नाइट सगळ्यांत फिरती असावी, कोणालाही सलग चारपेक्षा जास्त लागू नयेत, नाइट ऑफ (रात्रपाळ्यांनंतरची सुट्टी) बुडू नये, गेटवर रात्री माणूस असावा. सलग चार ही मर्यादा माझी स्वतःची. पाचव्या रात्री हाताकडून डोसाच्या चुका व्हायला लागतात असं मी पाहिलं आहे.

सगळं समसमान होणार नाही, त्याचा हट्टही धरू नका. देवाणघेवाण करा. गणपतीत इथे लिस्ट लावणं म्हणजे अग्निपरीक्षा. चाकरमानी मुंबईहून आलेले, घरात पाहुणे, आणि प्रत्येक सिस्टरला त्याच दिवसांत घरी राहायचं असतं. तुमचं घर लांब. गणपतीतल्या ड्युट्या तुम्ही आपणहून घ्या आणि बदल्यात दिवाळीला सलग सुट्टी पक्की करून घ्या, हेही आधीच लिहून. माझ्या हाताखाली घाटावरून आलेल्या ब्रदर लोकांनी हे केलं. त्यांना इतर सिस्टरांनी घरचं मानलं ते त्यानंतर.

पेशंट उचलण्याचं काम तर आजपासूनच एकट्याने बंद करा. ती ताकदीची गोष्ट नाही, पद्धतीची आहे. पेशंटच्या पाठीखाली खांद्यापासून मांडीपर्यंत दुहेरी चादर सरकवायची, दोन्ही कडा अंगाजवळ गुंडाळून घट्ट धरायच्या, दोन्ही बाजूंना दोघं दोघं, बेड आणि स्ट्रेचर एका उंचीला, चाकं लॉक, आणि एकाने "एक, दोन, तीन" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम सरकवायचं. पेशंट हवेत उचलायचाच नाही. दोन सिस्टर आणि वॉर्डातले मदतनीस, म्हणजे एक मावशी आणि एक मामा, मिळून शंभर किलोचा माणूस असा सरकवतात. हे तुम्हीच सगळ्यांना दाखवा. "ब्रदरला बोलवा" ही हाक निम्म्याने कमी होईल. कंबर गेलेले ब्रदर मी चाळिशीत बघितले आहेत, म्हणून एवढं बारकाईने सांगते.

लेबर रूमचा विषय नाजूक आहे, पण सुटणारा आहे. शिक्षणात तुम्हीही प्रसूतीशास्त्र शिकला आहात. बाईच्या तपासणीचा हट्ट न धरता बाळाच्या बाजूने आत जा. बाळाला ऊब देणारा वॉर्मर तयार ठेवणं, न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास देणं, बाळंतीण रक्तस्रावात गेली तर सलाईनची दुसरी लाइन लावणं, रक्तस्राव आवरणारं ऑक्सिटोसिन भरून देणं. अशा वेळी कोणी म्हणत नाही की हा पुरुष आहे. वॉर्डात स्त्री रुग्णाचं कॅथेटर किंवा ड्रेसिंग करायची वेळ आली तर सोबत सिस्टर किंवा मावशी हवीच. आधी विचारायचं: "ताई, मी नर्स आहे, सिस्टर इथेच उभ्या आहेत, चालेल ना?" ती नाही म्हणाली तर विषय संपला, वाईट वाटून घ्यायचं नाही. हे तिच्याइतकंच तुमच्याही संरक्षणासाठी आहे.

वॉर्डबॉय समजतात त्यावर सरळ उपाय. छातीवर नाव आणि पद मोठ्या मराठी अक्षरांत लावा, आणि पेशंटजवळ गेल्यावर पहिलं वाक्य "मी तुमचा नर्स, सकाळपर्यंत मी आहे" हे बोला. आपल्या मामा लोकांना कमी लेखण्याचा भाव त्यात येऊ देऊ नका. त्यांच्याशिवाय रुग्णालय चालत नाही.

दारू पिऊन अंगावर येणाऱ्यांशी कुस्ती हे तुमचं काम नाही. महाराष्ट्रात 2010 पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. त्यात नर्सही येतात, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार संस्थेच्या वतीने व्हावी असा आग्रह धरा, नाहीतर कोर्टाच्या तारखांना तुम्ही एकटेच जाल. सिस्टरांना लैंगिक छळाचा त्रास असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. सोबतच्या मुलीला हे माहीत नसेल तर सांगा. त्या कायद्याखाली तक्रारदार स्त्रीच असू शकते. तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर सेवानियमांखाली वरिष्ठांकडे लेखी द्यावं लागेल, पण द्या जरूर. "पुरुष असून रडतोस" हे वाक्यही त्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.

आता तुमच्या तब्येतीचं. झोप न लागणं आणि चिडचिड हा तुमचा कमकुवतपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पिचून जाण्याची, जी व्याख्या केली तिचा अर्थच असा की कामाच्या ठिकाणचा ताण नीट न हाताळला गेल्याने ही अवस्था येते. नाइट करून आल्यावर फोन बाजूला, खिडकीला जाड काळं कापड, पहाटे तीननंतर चहा नाही, आणि झोपायच्या आधी काहीतरी खाणं. क्वार्टरवर एकटा राहणारा माणूस झोपेसाठी दारूचा आधार घेतो, ते टाळा. त्याने झोप लागते पण टिकत नाही, आणि पुढचं सगळं घसरतं. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. औषधं आपल्या हाताशी असतात, म्हणून आपल्या लोकांनी याबाबत जास्त सावध राहायला हवं. 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जगणं नकोसं वाटतंय असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना गाठा आणि घरी कोणाला तरी सांगा.

आणि नोकरी. वही, भेट, अर्ज एवढं करून तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर जागा बदलणं हा पळपुटेपणा नाही. कायम असाल तर राजीनाम्याआधी बदलीचा किंवा दुसऱ्या विभागात पाठवण्याचा अर्ज करा. डायलिसिस, आयसीयू, अपघात विभाग इथे मोठ्या रुग्णालयात तुम्हाला सोबत मिळेल, शिकायलाही मिळेल. कंत्राटी असाल आणि आखातात किंवा गोव्यात जायचं मनात असेल तर निघण्याआधी अनुभवाचं प्रमाणपत्र पद, विभाग आणि तारखांसह घ्या, आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेतली नोंदणी चालू आहे ना ते तपासा. तिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं आणि घाईच्या वेळी नेमकं तेच अडतं.

महिन्याची नोंद झाली की किती जागा, किती माणसं हजर, कोणाची काय अडचण, एवढं नावं न घालता इथे लिहा. त्यात लिस्ट कशी बसते ते मी मांडून दाखवते. ती घेऊन तुम्ही इन्चार्ज सिस्टरांकडे जा.